मागचा डबा

"साहेब, एका गाडीनं आणलेला गोळा यंत्रात न टाकता तसाच दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात दिला, तर काय होतं?"

प्रश्न माझाच होता, पण तो विचारायला मला हेमावतीनं भाग पाडलं होतं. सत्त्याऐंशी सालचा डिसेंबर. तालुक्याच्या आमच्या हायस्कुलात विज्ञान प्रदर्शन होतं आणि रेल्वेचे सर्वेवाले इंजिनिअर साहेब दहावीच्या वर्गात भाषण द्यायला आले होते. त्यांनी एक फळी आणली होती. तिच्यावर लाल, पिवळा, हिरवा असे तीन इवलेसे दिवे आणि मागं बॅटरी. बटण दाबलं की दिवा बदलायचा. "आता हात वर-खाली करणारे सिग्नल जाणार," साहेब म्हणाले, "त्यांच्यातले रॉकेलचे कंदील जाणार, लोखंडी गोळा जाणार. एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनाला विजेनंच विचारायचं आणि विजेनंच उत्तर यायचं. मधे माणसाचा हात नाही." मग जरा हसून म्हणाले, "पण तुमचा नंबर शेवटी बरं का. जिथं जुनी यंत्रं त्रास देतात तिथं आधी. तुमच्या पट्ट्यात सगळी यंत्रं ठणठणीत आहेत, बारा वर्षांत एक बिघाड कागदावर नाही." हे ऐकून मी गालातल्या गालात हसले, आणि ते हेमावतीनं पाहिलं. तिनं कोपर मारलं. "विचार की. सारखी सांगत असतीस, माझा बाप हातानं गोळा देतो, यंत्राला हातबी लावीत न्हाई. आता साहेब समोर हाय तर गप कामून बसलीस? भ्यायलीस?" मागच्या बाकावरनं कुणीतरी कुजबुजलं, "भ्याली, भ्याली." त्या दिवसांत मला कुणी भ्याली म्हटलेलं चालत नव्हतं. सप्टेंबरात मी तालुक्याच्या वक्तृत्वात पहिली आले होते, वर्गाची मॉनिटर झाले होते, आणि तेव्हापासून माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायला लागला होता. तो तिथपर्यंत पोचून परत येतो तेव्हा कसा लागतो, हे ऐकायची मला चटक लागली होती. मी उभी राहिले आणि विचारलं.

साहेबांचा खडू फळ्यावर थांबला. "असं होत नसतं," ते म्हणाले. "होतं की साहेब," मी म्हणाले, "आमच्या स्टेशनवर होतं." वर्ग हसला. मला वाटलं, माझ्या बाजूनं हसला. साहेबांनी खडू ठेवला, रुमालानं एकेक बोट पुसलं. "कुठलं स्टेशन?" मी म्हणाले, "वाघनगर रोड." "तुझे वडील तिथं?" "पॉइंट्समन. भीमराज." हे मी बक्षीस घ्यायला स्टेजवर चढावं तशा आवाजात सांगितलं. साहेबांनी खिशातून छोटी वही काढली आणि दोन ओळी लिहिल्या. मी खाली बसले. हेमावतीनं मांडीला चिमटा काढला, "जिंकलीस गं, इशे!" माझं नाव विशाखा. पण मी तिच्याकडं पाहत नव्हते. मी साहेबांच्या पेनाच्या टोपणाकडं पाहत होते. ते त्यांनी फार हळू लावलं, शेवटी टक् असा आवाज होईपर्यंत.

मग त्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. गोळा काय असतो ते वर्गातल्या पोरांना समजावं म्हणून त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं, आणि मला तर ते दूधपित्या वयापासून ठाऊक. आमची लाइन एकेरी. जायला तोच रूळ, यायला तोच. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, म्हणून दोन्ही स्टेशनात एकमेकांना तारेनं जोडलेली लाल यंत्रं, उभ्या पेटीसारखी, आणि त्यांच्या पोटात लोखंडी गोळे. पलीकडच्या मास्तरनं आपल्या यंत्राचं बटण दाबून धरलं तरच इकडं गोळा बाहेर पडतो. एक गोळा बाहेर असला की तो कुठल्यातरी यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा निघत नाही. गोळा ज्या ड्रायव्हरजवळ, रूळ त्याचा. आमचे अप्पा तो गोळा चामडी पिशवीत घालून, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून, प्लॅटफॉर्मच्या टोकाला कडं उंच धरून उभे राहतात आणि न थांबणाऱ्या मालगाडीचा ड्रायव्हर त्या कड्यात हात घालून ते उचलून नेतो. अप्पांच्या उजव्या दंडावर त्याचे काळेनिळे वळ कायमचे. लहानपणी मला वाटायचं, ते वळ म्हणजे नोकरीचा बिल्ला.

साहेबांनी फळ्यावर दोन चौकोन काढले, मधे रेघ. "समजा ही गाडी या स्टेशनातून सुटून त्या स्टेशनात पोचली. तिच्या ड्रायव्हरनं गोळा दिला. नियमानं तो आधी यंत्रात टाकायचा. मग पलीकडच्या मास्तरला विचारायचं, तुमच्याकडं यायला गाडी सोडू का. तो हो म्हणाला की नवा गोळा काढायचा. आता कुणी हा वेळ वाचवायला तोच गोळा उलट्या दिशेच्या गाडीला देऊन टाकला, तर ते विचारणंच राहून गेलं." त्यांनी गाडीच्या मागं एक टिंब काढलं. "आणि कधी कधी गाडीच्या मागोमाग रूळ तपासणाऱ्यांची ट्रॉली सोडलेली असते. विचारलं असतं तर मास्तर म्हणाला असता, थांबा, माझी ट्रॉली अजून रुळावर आहे. पण विचारलंच नाही." त्यांनी टिंबाच्या समोरून एक बाण काढला. बाणाचं टोक आणि टिंब यांच्यामधे चार बोटांचं अंतर राहिलं होतं. त्यांनी ते चित्र पुसलं नाही. फळी उचलली आणि शेजारच्या वर्गात गेले. मी त्या चार बोटांकडं बघत बसले, कारण ती ट्रॉली मी पाहिली होती.

नववीत असतानाची गोष्ट. सकाळची पॅसेंजर, जिच्यानं मी रोज शाळेला येते. स्टेशन सोडून पाच-सहा मिनिटं झाली असतील, एकदम गचका बसला, डब्यातल्या बाया एकमेकींवर कोसळल्या, शेजारच्या भाजीवाल्या चंद्रम्माच्या पाटीतली वांगी सीटखाली घरंगळत गेली. मी खिडकीतून डोकं काढलं. रुळाखालच्या काळ्या रानात, तुरीच्या पाटात ट्रॉली उलटी पडलेली, तिची चारी चाकं अजून फिरत होती, आणि बाभळीला टेकून पाच गँगमन उभे होते. त्यांच्यातला एक हसत होता. नुसतं तोंड उघडं ठेवून हसत होता, आवाज नव्हता. मीही हसले. इतकंच काय, शाळेत आल्यावर मी त्याची नक्कल करून दाखवली, ट्रॉली कशी फेकली असेल, ते कसे पळाले असतील, आणि पोरी पोट धरून हसल्या. त्या बोलण्याच्या ओघातच मी सांगितलं होतं की आमचे अप्पा काय हुशार, यंत्र अडकलं की गोळा सरळ हातानं देतात, म्हणून आमच्या स्टेशनवर गाडी कधी लेट होत नाही. दोन्ही गोष्टी मी एका दमात सांगितल्या होत्या. त्या दोन नव्हत्याच, हे मला फळ्यावरचं टिंब बघेपर्यंत कळलं नाही. वर्षभर मी ते दोन तुकडे तोंडात घोळवत होते आणि ते एकमेकांत बसतात हे जिभेला कळलं नव्हतं.

संध्याकाळची गाडी वेळेवर आली. मी सवयीनं चालत शेवटच्या डब्यापाशी गेले, चढले, खिडकीजवळ बसले, दप्तर मांडीवर घेतलं, आणि गाडी हलली तेव्हा एकदम मनात आलं. मी शेवटच्या डब्यात कामून बसते? नववीपर्यंत तर मी पुढं बसायचे, इंजिनाला लागून, चंद्रम्माजवळ. कमठाण्याकडची ही म्हातारी भाजी विकायला तालुक्याला जाते. पुढचा डबा बाजाराच्या फाटकासमोर थांबतो म्हणून पाट्यावाल्या सगळ्या बाया तिथंच. ती मला रोज पदराच्या गाठीतून बोरं काढून द्यायची, "तिन्नु, तिन्नु" म्हणत, खा, खा. मग एक दिवस अप्पा म्हणाले, "उद्यापासून मागच्या डब्यात बसत जा. पुढं इंजिनाचा धूर लागतो, कपडे काळे होतात." मला ते आवडलं होतं. पॉइंट्समनच्या लेकीच्या पांढऱ्या ब्लाउजची काळजी. या पावसाळ्यात आमच्या पॅसेंजरला डिझेल इंजिन आलं. मी नाचत सांगितलं, अप्पा, आता धूर न्हाई, मी पुढं बसणार. ते कडं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "सांगितलं तेवढं कर." रोज सकाळी ते ड्यूटीवर असले तर स्वतः मला शेवटच्या डब्यापर्यंत सोडतात, हिरवी झेंडी काखेत धरून. ट्रॉलीचा दिवस आणि मागच्या डब्याचा दिवस, मधे किती दिवस गेले होते? मी बोटांवर मोजायला लागले आणि पहिल्याच बोटाला थांबले. दुसऱ्याच दिवशी. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी मला मागं बसवलं होतं.

बाहेर ऊन उतरत होतं, करडईची काटेरी रानं पिवळी होऊन मागं जात होती. समोर एक बाई पोराला पाजत बसली होती आणि मला तिला सांगावंसं वाटत होतं की, तुम्ही चांगल्या डब्यात बसलाव. दुसऱ्या क्षणी माझी मलाच शिसारी आली. म्हणजे ज्याला माहीत आहे त्याची लेक मागं, आणि ज्यांना माहीत नाही त्या पुढं. गाडी वळणावर वाकली तेव्हा खिडकीतून पहिला डबा दिसला. दारात पाट्या, पाट्यांवर एक सुरकुतलेला हात. गाडी वाकलेली सरळ झाली आणि तो हात दिसेनासा झाला. रूळ आमच्या खालून टकटक करत होते. ती टकटक मी अंगाईसारखी ऐकत मोठी झाले. आता मी दोन टकटकींच्या मधलं ऐकत होते, समोरून काही येतंय का ते.

स्टेशनवर उतरले तर स्टेशनमास्तर चनमल्लप्पा ऑफिसच्या दारातच उभे होते. मी त्यांना अण्णा म्हणते. माझी कन्नड बाराखडी त्यांच्या हातची आहे. पाटीवर त्यांनी काढलेला 'अ' पुसायला मला जिवावर यायचं, इतकं देखणं अक्षर. लेकीबाळींना अव्वा म्हणायची त्यांच्याकडची रीत, तशी ते मला अव्वा म्हणतात. आजही म्हणाले. "ये अव्वा, आत ये." आत लाल यंत्र भिंतीला लागून उभं होतं, शेजारी लाकडी हातोडी. निजामाच्या वेळचं यंत्र. त्याच्या घशात गोळा अडकला की दोन-चार ठोके द्यावे लागतात, कधी अर्धा तास, कधी जास्त, आणि तोवर कंट्रोलचा फोन ओरडत राहतो, गाडी का थांबली, कुणामुळं थांबली. "साहेबांचा फोन आला होता," अण्णा म्हणाले. "उद्या दहाला येणार. यंत्र बघणार, माझी वही बघणार, आणि तुला विचारणार. तू एवढंच म्हण अव्वा, की पुस्तकात वाचलं होतं, पोरींनी पैज लावली, म्हणून बोलून गेले. पोरवय आहे. साहेब हसतील आणि जातील."

टेबलावर वही उघडीच होती. मी उलट्या बाजूनं वाचली. रोजची एक ओळ, तेच देखणं अक्षर. यंत्र ठीक. यंत्र ठीक. यंत्र ठीक. खाली सही. "अण्णा," मी म्हणाले, "अडकतं हे कधीच लिहिलं न्हाई?" ते खुर्चीत बसले. "लिहिलं की विचारतात, मग गाडी वेळेवर कशी गेली? हातानं दिला म्हणून लिहू? आणि हातानं न देता थांबवली, तर लेट का म्हणून कागद येतो. दोन्हीकडून मीच." मग त्यांनी आवाज खाली आणला. धमकी द्यायला नाही, खरंच मला समजावं म्हणून. "माझ्या नोकरीचे चौदा महिने राहिलेत. मला एखादा मेमो मिळेल. पण तुझ्या बापाला घरी बसवतील. मी खिडकीतून 'दे' म्हणतो ते कागदावर कुठं नाही. गोळा देताना हात दिसतो अव्वा, तोंड दिसत नाही." यंत्रानं मधेच ठण् केलं, पलीकडचं स्टेशन बोलावत होतं. अण्णा उठले. त्यांनी त्याच्यावर तळवा ठेवला, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

क्वार्टरमधे माय चुलीपुढं होती. तिला कळलं होतं, गेटवाल्याच्या बायकोनं सांगितलं असणार. तिनं भाकरी थापता थापताच सुरू केलं. "कामून बोललीस? तोंडाला काय आग लागली होती? आमच्या घरात सरकारी नोकरी करणारा हा पहिला माणूस. त्याच्या बापानं दुसऱ्याच्या रानात जनम घातला. ह्या भिंती विटाच्या हायेत, नळ दारात हाय, तू पांढरे कपडे घालून साळंला जायलीस, ते कशाच्या जिवावर? वक्तृत्व म्हणं! बक्षीस म्हणं!" तिचे हात परातीत थडाथड वाजत होते. माझ्या मायचं नाव शोभाबाई. ती कधी ओरडत नाही, ओरडायचं ते भाकरीवर ओरडते. अप्पा कोपऱ्यात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसले होते, ड्यूटी संपली तरी निळा सदरा अंगातच. ते छप्पन साली नागपूरला गेले होते, आजोबांच्या खांद्यावर बसून. तिथून आल्यावर आजोबांनी पहिलं काय केलं, तर गावात मेलेलं ढोर ओढायला नकार दिला, आणि मार खाल्ला. ही गोष्ट अप्पा मला दर वर्षी सांगतात आणि माझ्या वक्तृत्वातली टाळ्यांची जागा तीच होती. आता ते माझ्याकडं बघत नव्हते. दंडावरचे वळ चोळत होते.

"मास्तरनं सांगितलं तसं म्हण," ते शेवटी म्हणाले. "पैज होती म्हण. एक दिस खोटं बोललीस तर काय जग बुडत न्हाई."

मी वक्तृत्वासारखं बोलायचं ठरवलं होतं, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. तोंड उघडलं तर आवाज चुलीपर्यंतसुद्धा पोचेना. मी फक्त एवढंच विचारलं, "अप्पा, डिझेल इंजिन आलं, धूर गेला. तरीबी मला मागच्याच डब्यात कामून बसवायलाव?"

ते चोळायचे थांबले. चुलीत काटकी तडतडली. मायला आधी काही कळलं नाही, ती म्हणाली, "हे काय आता मधीच?" आणि मग अप्पांचं तोंड बघून तिचा हात परातीतच राहिला. "काय हो?" ती म्हणाली. "कामून बसवता तिला मागं?" मी सांगितलं तिला. ट्रॉली, गोळा, दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी नक्कल केली नाही. सांगताना मला त्या गँगमनचं उघडं तोंड दिसत होतं, आणि पहिल्यांदाच मला कळत होतं की तो हसत नव्हता.

"त्या दिशी तू पुढं होतीस," अप्पा म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते की भिंतीशी, कळत नव्हतं. "मी गोळा दिला आन गाडी गेली. दहा मिनटांनी फोन लागला, पलीकडून मास्तर वरडायला, ट्रॉली हाय, ट्रॉली हाय. मी रुळावरनं पळत सुटलो. पार लांबच्या डिस्टंट सिग्नलापातूर पळालो. मग गाडी उभी दिसली, सगळी, सरळ." त्यांनी हवेत हातानं सरळ रेघ काढली. "दुसऱ्या दिशी परत यंत्र अडकलं. परत दिला. काय करू? हात सराव झालेला हाय, चुकत न्हाई. पर तुला मागं बसवलं."

"आन चंद्रम्मा?" मी म्हणाले. "आन त्या पाट्यावाल्या?"

माय उठली. पिठाचे हात तसेच. मला वाटलं ती मला मारणार. ती माझ्याजवळनं पुढं गेली आणि अप्पांच्या समोर उभी राहिली, आणि नुसती उभी राहिली. मी तिला असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दोघांच्या मधे जे काय चाललं होतं त्यात मला जागा नव्हती. मला त्या वेळी फार भीती वाटली. नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, हेमावतीला सांगू काय, दहावीची परीक्षा तोंडावर, आम्ही आजोबांच्या पडक्या घरी हुलसुराकडं जाऊ, आणि अप्पा माझ्याशी जन्मभर बोलणार नाहीत. या सगळ्या गोष्टी एकामागं एक माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्या खऱ्या होत्या, एकही मला खोटी म्हणता येईना. पण त्यांच्या पलीकडं ती वही होती. यंत्र ठीक. बारा वर्षं. जोवर अप्पांचा हात हुशार आहे आणि अण्णांचं अक्षर देखणं आहे, तोवर ते तीन दिवे आमच्याकडं येणार नाहीत. आमचा नंबर शेवटी. कारण आमच्या इथं कागदावर काही मोडलेलंच नाही. आणि ज्या दिवशी हात चुकेल त्या दिवशी नंबर पहिला लागेल.

बाहेर मालगाडीची शिट्टी झाली. अप्पा उठले, सवयीनं कडं उचलायला हात पुढं गेला, आणि दारात थांबले. पाठमोरेच विचारलं, "मग? उद्या काय सांगणार हायेस?"

"मी दहाला मास्तरांच्या खोलीत येणार," मी म्हणाले, आणि आता आवाज बरोबर पोचत होता, हवा तेवढाच. "माय, तू रागव, मार, पर मी येणार. यंत्र अडकतं हे सांगणार, ट्रॉली सांगणार. साहेबांनी विचारलं की त्या दिवशी गोळा कुणी दिला, तर सांगणार, माझ्या अप्पांनी दिला. खिडकीतनं 'दे' कोण म्हणालं, ते तुमी सांगा, अप्पा. तुमी न्हाई सांगितलं, तर तेबी मीच सांगणार हाय."